दुसऱ्याच एपिसोडला सिरीज संपवू शकेल असा मित्र : रोमकॉमसाठी जिगरी दोस्त कसा लिहायचा

आमच्या पहिल्या यूट्यूब सिरीजचं रीडिंग नाशिकला, कॉलेज रोडला एका मित्राच्या गच्चीवर चाललं होतं. ७ एपिसोड, एक हिरो, एक हिरॉईन आणि हिरोचा जिगरी दोस्त. दोस्ताचं काम करणाऱ्या पोराने चौथा एपिसोड वाचून झाल्यावर कागद खाली ठेवले आणि विचारलं, "सगळं ठीके, पण हिरो घरी गेल्यावर मी काय करतो?" मी म्हटलं काय करतो म्हणजे, तू पण घरी जातोस. तर म्हणे, "कुठंय माझं घर?" मला सांगता येईना. त्याचे २२ सीन होते आणि बावीसच्या बावीस सीनमध्ये तो वेगवेगळे शर्ट घालून "सांग ना यार तिला" एवढंच बोलत होता.

सिरीज आम्ही तशीच केली, आणि ज्यांनी ज्यांनी बघितली त्यांनी एकच विचारलं, अरे तो एवढा मागे लागलाय तर तोच का नाही सांगून टाकत तिला?

प्रश्न बरोबर होता. रोमकॉमचा, म्हणजे रोमँटिक कॉमेडीचा, सगळा धंदा उशिरावर चालतो ना, दोघांचं जमणार हे पोस्टर बघूनच कळलेलं असतं, आपण फक्त ते कसं लांबतंय ते बघत बसतो. आणि या सगळ्यात जिगरी दोस्त हा असा एकच प्राणी असतो ज्याला दोन्हीकडचं माहीत असतं, ज्याच्याकडे गाडी असते, आणि ज्याला लाज नसते. खऱ्या आयुष्यातला असा दोस्त काय करेल? दोघांना रविवारी सकाळी मिसळ खायला बोलवेल, स्वतः "आलो पार्किंग करून" म्हणून गायब होईल, झाली तुमची सिरीज दुसऱ्याच एपिसोडला. म्हणून लेखक लोक घाबरून त्याला बावळट करतात, किंवा त्याला फक्त जोक मारायला ठेवतात, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे पाचव्या एपिसोडला त्यालाही तीच मुलगी आवडायला लागते. तिन्ही पळवाटा आहेत, मी तिन्ही वापरून बघितल्यात.

त्यानंतर मी जशा क्रमाने लिहायला लागलो तो क्रम खाली देतोय. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. ८ एपिसोड, प्रत्येकी साधारण २२ मिनिटं, म्हणजे एकूण तीन तासाला थोडं कमी. निनाद सातपूरच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, राहायला इंदिरानगर. मुग्धाचं गंगापूर रोडला फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक. आणि दोस्त म्हणजे सोपान, सगळ्यांचा सोप्या, गाव निफाड तालुक्यात, वडिलांची तीन एकर द्राक्षबाग, स्वतःचं पंचवटीत प्रिंटिंगचं दुकान. वाढदिवसाचे फ्लेक्स, व्हिजिटिंग कार्ड, लग्नपत्रिका.

पायरी १ : त्याला काय काय माहितीये ते आधी लिहा

स्वभाव, लूक, जोक हे सगळं नंतर. आधी एक वही घ्या, पानावर तीन उभे रकाने पाडा, सोप्याला काय माहितीये, कोणाकडून कळलं, आणि कोणाला सांगू शकत नाही. प्रत्येक एपिसोडला एक पान. एवढं केलं तरी निम्मं काम होतं, खरंच.

आमच्या उदाहरणात बघा. जवळजवळ दोन वर्षांपूर्वी मुग्धाचं लग्न ठरलेलं आणि पत्रिका छापून झाल्यावर मोडलेलं. नाशिकमध्ये आता ते कोणी काढत नाही, आणि ती स्वतः तर नाहीच नाही. पण पत्रिका छापल्या कोणी? सोप्याने. प्रिंटिंगवाल्याला गावातली लग्नं नातेवाईकांच्या आधी कळतात आणि मोडलेली पण कळतात, कारण उरलेले गठ्ठे त्याच्याच दुकानात पडून असतात. मुग्धा क्लिनिकचा नवीन बोर्ड करायला येते, दोघं एकमेकांना ओळखतात, आणि ती एवढंच म्हणते, "त्या पत्रिकांचं कुठे बोलू नका." तो म्हणतो, "कुठल्या पत्रिका?" झालं, शब्द दिला गेला. आणि चारच दिवसांनी निनाद त्याला सांगतो की मला एक मुलगी आवडलीये, फिजिओ आहे.

आता सोप्या बावळट नाहीये, बिझी नाहीये, तरी गप्प आहे. गप्प का आहे ते प्रेक्षकाला माहितीये, निनादला माहीत नाही. इथून पुढे तो नुसता खुर्चीवर बसला तरी सीनमध्ये टेन्शन येतं.

हे काही मी शोधलेलं नाही बरं का. कालिदासाला हाच प्रॉब्लेम आला होता. शाकुंतलात दुष्यंताचा विदूषक मित्र माढव्य, त्याला दुसऱ्या अंकात राजाने स्वतःच्या तोंडाने शकुंतलेबद्दल सगळं सांगितलेलं असतं. पुढे शापामुळे राजा तिला विसरणार, मग हा मित्र आठवण नाही का करून देणार? तर कालिदास काय करतो, दुसऱ्या अंकाच्या शेवटी राजाच्या आईचा निरोप येतो, राजा आपल्या जागी माढव्याला राजधानीला पाठवतो, आणि हा तिकडे राणीवशात बडबडेल या भीतीने जाता जाता सांगून टाकतो की अरे ते मी गमतीत बोललो, खरं धरू नकोस. बरं एवढ्यावरही थांबत नाही. पाचव्या अंकात शकुंतला दरबारात यायच्या आधी राजा माढव्याला रुसलेल्या हंसपदिका राणीची समजूत काढायला पाठवतो, म्हणजे ऐन वेळी तो तिथे नसतोच. आणि सहाव्या अंकात राजा विचारतो की तू मला आठवण का नाही दिलीस, तर तो म्हणतो विसरलो नव्हतो, पण तूच म्हणालास ना थट्टा होती म्हणून, मी मातीच्या डोक्याचा, मला तेच खरं वाटलं. प्रेक्षकाच्या मनात येऊ शकणारा प्रश्न पात्राच्या तोंडून विचारून टाकलाय आणि उत्तर पण दिलंय. तुमच्या वहीतला तिसरा रकाना असा भरलेला पाहिजे.

एक सूचना, शब्द एकच द्यायचा. सोप्याला तीन जणांची तीन गुपितं दिली की तो मित्र राहत नाही, बँकेचा लॉकर होतो.

पायरी २ : त्याचं कॅलेंडर हिरोच्या कॅलेंडरपेक्षा कडक ठेवा

"त्याचं पण एक आयुष्य आहे" असं सगळेच म्हणतात आणि मग त्याला एक आजारी आजी देऊन मोकळे होतात. त्यापेक्षा त्याला थांबवता न येणारं काहीतरी द्या. नाशिकमध्ये राहून मला द्राक्षापेक्षा चांगलं काही सुचत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी झाली की चार-साडेचार महिने त्या घरात दुसरा विषय नसतो. फुटवे, डावणी-भुरीसारखे रोग, घड विरळ करायचं थिनिंग, घड द्रावणात बुडवायचं डिपिंग, मग व्यापारी कधी येतो आणि काय भाव काढतो. मध्येच अवकाळी आला की रात्री-अपरात्री फवारणी. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एवढा खाली जातो की मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात.

म्हणजे तुमची सिरीज ऑक्टोबरात सुरू करा आणि मार्चमध्ये संपवा, प्रत्येक एपिसोडच्या मागे बाग आपोआप पुढे सरकत राहते. निनाद-मुग्धाचं प्रेम लेखकाच्या हातात आहे, लांबवता येतं. बाग लांबवता येत नाही. हा फरक मित्राच्या प्रत्येक सीनमध्ये दिसला पाहिजे.

चौथ्या एपिसोडचा एक सीन सांगतो. रात्री तीन वाजता निनादचा फोन, मुग्धाने मेसेज बघून रिप्लाय केला नाही म्हणून हा कासावीस. सोप्या बागेत आहे, कानटोपी, हातात काडी, चारी बाजूंना धूर. तो फोन स्पीकरवर टाकून स्वेटरच्या खिशात ठेवतो आणि काम करत राहतो, मध्ये मध्ये "हं", "मग?", "झोप आता". अकरा मिनिटं निनाद बोलतो आणि एकदाही विचारत नाही की तू कुठे आहेस. निष्ठेबद्दल कोणी एक वाक्य बोलत नाही. पुढे भांडण होईल तेव्हा हा सीन व्याजासकट बाहेर काढायचाय, तो नीट सांभाळून ठेवा.

ज्यांना शेतीचं काही माहीत नाही त्यांनी उगाच शेती देऊ नये. पोलीस भरतीची तारीख द्या, सीएची परीक्षा द्या, बहिणीचं बाळंतपण द्या. अट एकच, तारीख त्याच्या हातात नको.

पायरी ३ : त्याची निष्ठा कुठे नडते ते ठरवा

निष्ठावान मित्र मदत करतो हे बघायला मजा येत नाही. मदत करायला जातो आणि वाट लावतो हे बघायला येते. मृच्छकटिक या संस्कृत नाटकातला मैत्रेय आठवा, नायक चारुदत्ताचा मित्र. चारुदत्त कंगाल झाला तरी हा एकटा त्याला सोडत नाही, आणि नाटकात चारुदत्ताचं सगळ्यात मोठं नुकसान कोणाच्या हातून होतं, तर याच्याच. आधी झोपेत बरळत चारुदत्ताच्या प्रेयसीच्या, वसंतसेनेच्या दागिन्यांचा डबा चोराच्या हातात स्वतःच देतो, चारुदत्त समजून. पुढे चारुदत्तावर तिच्या खुनाचा आळ आलेला असताना हा भर न्यायसभेत त्याच्या बाजूने, आळ घेणाऱ्या शकाराच्या अंगावर धावून जातो, झटापटीत याच्या काखेतून तिचेच दागिने खाली पडतात, आणि तोच पुरावा होतो. ते दागिने तो तिला परत द्यायला निघालेला असतो! मित्रावर राग पण धरता येत नाही, एवढं स्वच्छ मन आहे. यापेक्षा चांगलं प्लॉटिंग मी कुठे वाचलेलं नाही.

सोप्याची निष्ठा कुठे नडेल? तो निनादला सरळ सांगू शकत नाही, म्हणून त्याला आडून आडून वाचवायला जातो. मुग्धाच्या मोडलेल्या लग्नाची जी तारीख होती ती आपण दुसऱ्या एपिसोडला दुकानातल्या जुन्या पत्रिकेवर दाखवलीये, त्याच दिवशी दोन वर्षांनी निनादला तिला बाहेर न्यायचंय. मग मिसळीच्या टेबलावर हा सीन.

निनाद : ती "बघू" म्हणाली.
सोप्या : पापड घे.
निनाद : बघू म्हणजे काय असतं रे?
सोप्या : कशाला म्हणाली?
निनाद : रविवारी सोमेश्वरला जाऊ म्हटलं होतं.
सोप्या : दादा, रस्सा आणा इकडे. (थांबून) रविवारी नको जाऊस.
निनाद : का?
सोप्या : गर्दी असते.

"गर्दी असते" एवढंच. मुग्धाचा शब्द पण पाळला आणि निनादला पण वाचवायचा प्रयत्न केला. आणि निनादला काय वाटतं, की सोप्याला मुग्धा पसंत नाही. तीन एपिसोड पुरेल एवढा गैरसमज एका वाक्यात मिळाला, आणि कोणीही मूर्खपणा केलेला नाही.

पायरी ४ : बोलणं

इथे मी थोडा हट्टी आहे. स्क्रिप्टमध्ये शोधून "सांग तिला", "तू तिच्यावर प्रेम करतोस", "मी आहे ना" ही वाक्यं काढून टाका, सगळी. खरे जुने दोस्त एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोलत नाहीत, गाडीवर मागे-पुढे बसून बोलतात, पार्सलची वाट बघत बोलतात. म्हणून प्रत्येक सीनमध्ये त्यांच्या हाताला काम द्या आणि ते काम बोलण्यापेक्षा महत्त्वाचं असू द्या.

आणि सल्ला द्यायचाच असेल तर त्याच्या जगातून. सोप्या नदीकाठच्या पंचवटीत राहतो, तिथे पुराचं माप म्हणजे रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती, पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, त्यावरून लोक ठरवतात किती घाबरायचं. निनाद तिने फोन नाही उचलला म्हणून रडकुंडीला आला की सोप्या म्हणेल, "दुतोंड्याच्या पायाला पण पाणी लागलं नाही अजून, आणि तू दुकान खाली करायला निघाला." हे वाक्य पुण्याच्या सिरीजमध्ये चालणार नाही आणि तेच त्याचं भारी आहे.

हाका पण आधीच लिहून ठेवा. निनादला तो "निन्या" म्हणतो, निनादच्या आईला "काकू", काकू त्याला कधीच सोप्या म्हणत नाहीत, "सोपान, जेवून जा". मुग्धाला तो सुरुवातीला "मॅडम, तुम्ही". मॅडमवरून मुग्धावर आणि तुम्हीवरून तूवर तो नक्की कोणत्या पानावर येतो हे ठरवा, कारण तो एक छोटा पण खरा प्रसंग आहे आणि बऱ्याच स्क्रिप्टमध्ये तो दोन सीनच्या मधल्या फटीत हरवतो.

पायरी ५ : हिरॉईनशी त्याचं वेगळं खातं

मित्र जर फक्त हिरोमार्फतच हिरॉईनला ओळखत असेल तर तो पोस्टमन आहे. दोघांचे निदान तीन सीन निनादशिवाय पाहिजेत, आणि त्यातल्या एकात निनादचं नावसुद्धा निघायला नको. सोप्याच्या वडिलांची कंबर धरलीये, ती बघायला मुग्धा निफाडला जाते, असं काहीतरी साधं.

हिरॉईनची पण मैत्रीण असणार, तिला मात्र सोप्याशी लावून देऊ नका प्लीज, उरलेल्या दोघांचं जमवून टाकणं म्हणजे शिळ्या पोळीचा कुस्करा. आणि तिचा स्वभाव सोप्यासारखा नको. शाकुंतलात अनसूया आणि प्रियंवदा दोघी सख्या आहेत पण एक विचारी, एक बोलकी, आणि शाप ऐकल्यावर दोघी मिळून ठरवतात की शकुंतलेला सांगायचं नाही, तिचं मन फार नाजूक आहे. निघताना फक्त एवढंच म्हणतात, राजाने ओळखायला वेळ लावला तर अंगठी दाखव. निम्मी माहिती, प्रेमापोटी. पुढचे तीन अंक त्या निम्म्या माहितीवर उभे आहेत.

पायरी ६ : भांडण

८ एपिसोड असतील तर सहाव्याच्या शेवटी. सातव्यात टाकलं तर मिटवायला जागा उरत नाही, पाचव्यात टाकलं तर मधला एक एपिसोड दोघं तोंड फुगवून बसतात आणि बघणारा फोन ठेवून देतो.

भांडणात दोघंही बरोबर असले पाहिजेत, नाहीतर तो फक्त आरडाओरडा. निनादला पत्रिकेचं कळतं आणि सोप्याला आधीपासून माहीत होतं हेही कळतं. त्याचं म्हणणं, तू मला चार महिने वेड्यासारखं फिरवलंस. सोप्याचं म्हणणं, ते सांगायचं माझं नव्हतंच. इथपर्यंत तर्काची लढाई आहे, आणि इथेच तो रात्री तीनचा फोन काढायचा. "त्या रात्री मी कुठे होतो, विचारलं का तू? आजपर्यंत विचारलं का?" निनाद म्हणतो कुठे होतास? सोप्या उत्तर देत नाही, दुकानाचं शटर ओढतो. बास. यापुढे एक ओळ जास्त लिहिलीत तर मेलोड्रामा होतो, मी लिहून बघितलंय.

माफी तोंडाने मागायची नाही. सातव्यात बागेची काढणी चालू आहे, निनाद पहाटे निफाडला जाऊन कात्री मागतो. त्याला घड तोडता येत नाही, बोटं लावून मण्यांवरची लव पुसून टाकतो, सोप्याचे वडील ओरडतात, "देठाला धर, देठाला!" सोप्या लांबून बघतो आणि काही न बोलता त्याला क्रेट उचलायच्या कामाला लावतो. समेट झाला.

पायरी ७ : तपासणी, आणि शूटिंगचं थोडं

सगळं लिहून झालं की फक्त मित्राचे सीन वेगळे काढून ओळीने वाचा. हिरो-हिरॉईनचं काहीही माहीत नसलेल्या माणसाला द्या. त्याला ही एका प्रिंटिंगवाल्याची गोष्ट वाटली तर पास. "हा कोणाशी तरी सारखा बोलतोय" असं वाटलं तर परत पायरी २ ला जा. दुसरी चाचणी, क्लायमॅक्समधून मित्राला काढून बघा. आपल्याकडे विमानतळाऐवजी नाशिकरोडला सकाळी सातच्या सुमाराची पंचवटी एक्स्प्रेस असते, मुग्धा मुंबईला निघालीये, निनादला तिथे पोचायचंय. सोप्या फक्त गाडी चालवत असेल तर त्याच्याऐवजी रिक्षा केली तरी चालेल आणि स्वस्तात पडेल. पण सोप्याने रात्रीच मुग्धाला फोन करून "त्या पत्रिकांचं निनादला कळलंय" असं सांगितलं असेल, आणि तरी ती गाडीत बसायला निघाली असेल, तर त्याच्याशिवाय सीन होत नाही.

शेवट रंगपंचमीला करायचा मोह नाशिकच्या प्रत्येक लेखकाला होतो, मलाही झाला. जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या दगडी हौदात, दोघं मित्र उड्या मारतात, वरून मुग्धा बघतेय, काढणी संपलेली, सगळं जुळून येतं. लिहा खुशाल, पण गर्दीत रिटेक मिळत नाही आणि एकदा रहाडीत पडलेला शर्ट पुन्हा पांढरा होत नाही, त्यामुळे कंटिन्युइटी आधी बघा, आणि महत्त्वाचे डायलॉग तिथे ठेवू नका, ढोल-ताशात काही ऐकू येत नाही. गोदाघाटावर पण तेच, सकाळी लवकर गेलात तरी साउंडची बोंब. मिसळीच्या सीनला मात्र हॉटेलवाल्याला आधी सांगून एका कोपऱ्यातलं टेबल घ्या आणि ताटं तीन-चार जास्तीची सांगा, कारण तिसऱ्या टेकला पाव संपलेला असतो आणि नट मंडळी खरंच खातात.

तो गच्चीवरचा पोरगा पुढच्या सिरीजला पुन्हा मित्राच्याच रोलसाठी आला. या वेळी मी स्क्रिप्टच्या आधी त्याच्या हातात ती तीन रकान्यांची वही दिली. त्याने आठही पानं वाचली, मध्ये एकदा हसला, एकदा मागे जाऊन काहीतरी परत बघितलं, आणि म्हणाला, "दादा, मग माझ्या तारखा डबल लागतील. आणि पैसे पण."